उस्तादांची पट्टी आणि दुसरा गट

गाडीखाली पाठीवर झोपून काम करणाऱ्याला माणसं पायांवरून ओळखावी लागतात. कोण आलंय, घाईत आहे की निवांत, भांडायला आलंय की नुसतं चहा प्यायला, हे सगळं मला घोट्यापर्यंतच दिसतं. घोट्याच्या वर माणूस गोड बोलत असतो आणि खाली त्याचा पाय रागानं जमिनीवर आपटत असतो. मी पायावर विश्वास ठेवतो.

मला सोलापुरात सगळे ‘जी’ म्हणतात. खरं नाव पुरुषोत्तम, पण ते आधार कार्डावर आणि फोनवर आईच्या तोंडी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, भाताच्या मुलखात. तिकडे आम्ही बोलताना मागे ‘जी’ लावतोच. हो जी, नाही जी, बसा जी. आठवीत शाळा सोडली. गणिताच्या गुरुजींनी हात टेकले होते, मीही टेकले. चुलतभावाबरोबर रस्त्याच्या कामावर इकडे आलो. रस्ता पुढे सरकला, टोळी पुढे गेली आणि मी तापानं फणफणून मागे राहिलो, तो अक्कलकोट रोडवरच्या यासीन उस्तादांच्या गॅरेजच्या ओट्यावर. उस्तादांनी विचारलं, “कोन बे तू?” मी म्हणालो, “मी आहो जी.” झालं, नाव पडलं. खालांनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, मी कुठला ते विचारलं आणि भात टाकला. या ज्वारीच्या मुलखात पहिल्याच दिवशी माझ्या पुढ्यात भात आला. गॅरेजच्या मागची खोली तेव्हापासून माझी आहे.

आमच्याकडे सस्पेन्शनचं काम होतं. लोकांना इंजिन कळतं, कारण ते आवाज करतं. सस्पेन्शन कुणाला कळत नाही, आणि कळायला लागलं की समजावं, ते गेलं. सोपं करून सांगतो. चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते. खड्डा आला की ती दबते, म्हणून तुमची कंबर वाचते. पण स्प्रिंग एकदा दबली की झोपाळ्यासारखी वरखाली होत राहते. तिला ‘पुरे आता’ म्हणायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिला शांत करतो. बाकी सगळे बुश, आर्म, लिंक म्हणजे चाकाला जागेवर धरून ठेवणारी नातेवाईक मंडळी.

आता हे शर्यतीत कुठं आलं? सोलापुरात हौशी लोकांचा एक छोटा क्लब आहे. गणपती झाले आणि गाळप अजून सुरू व्हायचं असलं की एका साखर कारखान्याचं केनयार्ड त्यांना एका रविवारी मिळतं. एरवी तिथं उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, तेव्हा मात्र नुसतं सपाट, घट्ट मैदान आणि मळीचा वास. जुने टायर मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. टायरला धक्का लागला की वेळेत दंड मिळतो. कुणी कुणाला आपटत नाही, त्यामुळे बायकापोरं डबे घेऊन बघायला येतात.

सगळ्या गाड्या सारख्या नसतात, म्हणून गट असतात. कंपनीतून आली तशी असेल ती पहिला गट, म्हणजे घरगुती. शॉकअप झिजतातच, त्याच जातीचे नवे घातले तर चालतात. पण स्प्रिंग बदलली, कापली, जीपसारख्या गाडीला मागे स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाटे असतात त्यांत एक वाढवला, स्क्रूनं खालीवर होणारे शॉकअप लावले, की गाडी दुसऱ्या गटात, म्हणजे सुधारितमध्ये. आणि सस्पेन्शन जिथं बॉडीला धरतं ती जागाच हलवली, तर तिसरा, खुला गट. कारण साधं आहे. वळणावर गाडी एका बाजूला कलते, आतल्या चाकाची पकड सुटते. जी कमी कलते ती वळण जोरात घेते. इंजिन तेच ठेवून, एक आवाज न वाढवता, नुसत्या स्प्रिंगवर वेळ कमी करता येतो.

क्लबचा सेक्रेटरी नरसय्या. आमच्या गॅरेजला लागून त्याच्या घरचे लूम आहेत, चादरी आणि टॉवेलचे. छोटा क्लब, त्यामुळे सेक्रेटरीही स्वतः गाडी पळवतो. गाड्यांची तपासणी करायला त्यानं मला धरलं. मी म्हणालो, “माझं शिक्षण नाही जी.” तो म्हणाला, “तुला गाडीखाली जायचंय बे, कॉलेजात नाय.” तेव्हापासून दरवर्षी मी गाडीखाली जातो आणि दरवर्षी आदल्या रात्री टॉर्चचे सेल बदलत बसतो. मी एरवीही चाकाचे नट दोनदा बघणारा माणूस. इथं तर माझ्या एका शब्दानं माणूस या गटातून त्या गटात जातो.

आणि माणसं काय काय सांगतात! एकानं स्प्रिंगचा वेढा कापून गाडी जमिनीला टेकवली होती. कापलेलं टोक माझ्या बोटाला लागत होतं. वरून तो म्हणतो, “कापली नाही हो. गाडी दमलीय. दमून बसलीय.” मी म्हणालो, “चारही चाकं सारखीच कशी दमली जी?” तो म्हणाला, “एकाच वयाची हायेत की.”

वेळापूरचे तात्या जीप घेऊन येतात. त्यांच्या मागच्या पाट्यांमध्ये एक पाटा जास्तीचा होता. मी म्हणालो, दुसरा गट. तात्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“त्यो पाटा माजा न्हाय.”

“मग कोणाचा जी?”

“डाळिंबाचा हाय. क्रेट भरल्यावर जीप बुड टेकती, म्हनून घातलाय. आज डाळिंब कुटं हायेत गाडीत? बगा, हायेत का?”

मी बघितलं. नव्हती. पण पाटा होता. तात्या दुसऱ्या गटात पळाले, आणि मागच्या काचेवर त्यांनी खडूनं लिहिलं, ‘डाळिंबामुळे’.

आता उस्तादांच्या पट्टीविषयी सांगायला हवं, कारण मागच्या वर्षीचं सगळं तिच्यावरून झालं.

गाडीत बहुतेक वेळा एकटा चालवणाराच असतो. वर्षानुवर्षं त्याचं वजन उजवीकडे पडतं, त्या बाजूची स्प्रिंग बसते आणि गाडी कलते. लोकांच्या लक्षात येत नाही. उस्तादांना येतं. शॉकअप बदलून झाले की उस्ताद मालकाला त्याच्या सीटवर बसवतात, मागे जाऊन एक डोळा मिटून उभे राहतात आणि टायर ते मडगार्डच्या फटीत बोटं घालून दोन्ही बाजू मोजतात. उजवीकडे बोटं अडकली की नरसय्याच्या लूमचा टाकून दिलेला जुना पट्टा आणायचा, स्प्रिंगच्या बैठकीएवढा गोल कापायचा आणि स्प्रिंगखाली सरकवायचा. मालक जाडा असला तर जाड पट्टी, बारीक असला तर पातळ. तिचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. “टेलर काय करतो?” उस्ताद म्हणतात. “एक खांदा उतरता असला तर आतून कापड घालतो की नाय? गिऱ्हाइकाला सांगतो का?” उस्तादांच्या हातून गेलेली प्रत्येक गाडी अशी मापानं शिवलेली असते. बहुतेक पट्ट्या आता मीच कापतो. हातानं इतक्या कापल्या आहेत की ते काही ‘काम’ आहे, असं मला वाटेनासं झालं होतं.

मागच्या वर्षी उस्तादांनी जाहीर केलं की आपण पळणार. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण जिद्द. आपली जुनी पांढरी हॅचबॅक, घरगुती गट. “चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या नीट केल्या. एक दिवस माझी पळू दे.” गल्लीभर सांगून झालं. खालांनी टीव्हीशेजारची फुलदाणी उचलून कपाटात ठेवली, कप ठेवायला जागा हवी म्हणून. मी म्हणालो, अजून शर्यत व्हायची आहे जी. खाला म्हणाल्या, “जागा तो पहले करनी पडती ना बेटा.”

आठवडाभर आधीच्या बैठकीत नियम मीच मोठ्यानं वाचून दाखवले. बोट ठेवून, हळू. त्यात त्या वर्षी नव्यानं घातलेली एक ओळ होती, की स्प्रिंगच्या वर किंवा खाली काहीही घालून गाडीची उंची बदलली असेल तर गाडी सुधारित गटात जाईल. ती वाचताना मी तात्यांकडे बघून हसलो. तात्या हसले. उस्ताद मान डोलावत होते. तिथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या गाड्या आमच्या गॅरेजात होत्या, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही.

रविवारी सकाळी केनयार्डात ओळ लागली. पहिली गाडी टेंभुर्णीच्या डॉक्टरीणबाईंची. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, आमच्याकडे गाडी कधी दिली नव्हती. स्वच्छ गाडी, सगळं कंपनीचं. मी पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगानं ‘१’ काढला. दुसरी उस्तादांची.

मी गाडीखाली गेलो. गंमतच वाटत होती. हीच गाडी मी शेकडो वेळा खालून बघितली आहे. बाकीच्यांची तपासतो तशीच तपासायची म्हणून स्प्रिंगच्या बुडाशी बोट फिरवलं, आणि बोटाला मऊ कड लागली. लूमचा पट्टा. मीच कापलेला, ईदच्या आधी.

बैठकीत वाचलेली ओळ मला शब्दन् शब्द आठवली, ती अशी पाठीवर झोपलेला असताना.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पट्टीनं काय होतं? होतं. चालवणारा बसल्यावर गाडी सपाट बसली की चारी चाकांवर भार नीट वाटला जातो, डावं वळण आणि उजवं वळण सारखंच जमतं. मोठ्या शर्यतींत लोक चालवणाऱ्याला आत बसवून एकेका चाकाचं वजन करतात ते यासाठीच. उस्ताद तेच बोटांनी करत होते. नियम बरोबर होता आणि पट्टी त्या नियमात बसत होती.

मी उठलो नाही. खालून उस्तादांचे पाय दिसत होते. खास आजसाठी घेतलेले पांढरे बूट, अधीर, टाच वर-खाली होत असलेली. मला आठवलं, माझ्या आधीच्या एका कारागिरानं चार गिऱ्हाइकांसमोर ‘उस्ताद, हे तुमचं चुकलं’ म्हटलं होतं. उस्तादांनी त्याला शिवी दिली नाही, काढलंही नाही. नुसतं बोलणं बंद केलं. महिन्याभरात तो आपोआप गेला. माझं या शहरात दुसरं कोण आहे? खोली त्यांची, ताट त्यांच्या घरचं, हातातला धंदा त्यांचा. पट्टी काळी, जागा अंधारी, माझ्याशिवाय कुणाला दिसणार नव्हती. पण तात्यांच्या डाळिंबाचा पाटा मला दिसला होता. तो ज्या डोळ्यांना दिसला त्याच डोळ्यांना ही दिसत होती.

“जी, झोप लागली का बे?” वरून नरसय्या.

मी बाहेर सरकलो.

“उस्ताद, गट बदलतो जी.”

“कुनाचा?”

“आपला.”

पांढरे बूट थांबले.

“कशानं?”

“पट्टीनं जी.”

“कुठली पट्टी?” त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी बोटानं स्प्रिंग दाखवली. ते कसेबसे वाकले, बघितलं, सरळ झाले. “ही? ही काय बदल हाय का? ही तर…” आजूबाजूला लोक जमले.

नरसय्यानं वाट काढली. “उस्ताद, काढून टाका की. नियमात बसतंय. जॅक लावला की झालं, घरगुतीत ऱ्हाताय.”

मी जॅक घेऊन आलोसुद्धा. उस्ताद माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

“पट्टी काढली तर गाडी कशी बसंल?”

“तुमच्या बाजूला कलेल जी.”

“म्हंजे लंगडी.” ते खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “यासीनची गाडी लंगडी पळाली, असं म्हणतील ना लोकं? नक्को रे बाबा. दोन लिही.”

मी ‘१’ काढलाच नव्हता, त्यामुळे पुसायला काही नव्हतं. काचेच्या कोपऱ्यात बारीक ‘२’ काढायला लागलो.

“मोठा लिही की बे! दिसाया नको का? चाळीस वर्षं आपुन गाड्यांमधी बदल करतोय, आज पैल्यांदा कुनी तरी मान्य केलंय.”

लोक हसले. मला हसावं की नाही ते कळेना, कारण ते अजून माझ्याकडे बघत नव्हते.

मग उस्ताद खाली उतरले आणि ओळीतून चालायला लागले, बागेतली झाडं ओळखल्यासारखे. “हिच्यात पन हाय पट्टी. हिच्यात पन. ही बारीक पोरगी चालवते, तर पातळ हाय. नरसय्या, तुझ्या तर मागं दोन हायेत.”

“उस्ताद, हळू!” नरसय्या सेक्रेटरी असल्याचं विसरून ओरडला.

“हळू काय? चादरीचे गठ्ठे नेतोस, गाडी बुड घासत हुती, म्हनून टाकल्या. तूच पट्टा दिला हुतास.”

तात्या टाळ्या पिटत म्हणाले, “या, या! समदे या! माजा एकट्याचाच पाटा दिसत हुता व्हय रं जी?”

मी प्रत्येकाला सांगितलं, पट्टी काढा आणि घरगुतीत पळा, जॅक इथंच आहे. एकानंही काढली नाही. कुणी म्हणालं, उस्ताद वर गेले तर आपण खाली कशाला थांबायचं. एक जण तर म्हणाला, माझ्या गाडीत पट्टी आहे हेच मला आज कळलं, आता ती कशी काढू. मी एकेका गाडीखाली जायचो, बोट लावायचो आणि वर येऊन ‘२’ काढायचो. शेवटी घरगुती गटात एकच गाडी उरली.

डॉक्टरीणबाईंनी ओळ बघितली, मग मला विचारलं, “म्हणजे मी एकटीच?”

“हो जी.”

“मग मी पहिली, आणि शेवटचीही मीच.”

पण त्या अशा पळाल्या की काय सांगू. एकाही टायरला धक्का नाही. पट्टी नाही, पाटा नाही, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्या गाड्यांपेक्षा वेळ कमी. नरसय्यानं कप देताना म्हटलं, “मॅडम, तुमच्याशी कुणी लढलंच नाही.” त्या म्हणाल्या, “मीही तेच म्हणते. माझ्याही गाडीला ती पट्टी बसवून द्या. पुढच्या वेळी एकटीला कंटाळा येईल.”

आणि उस्ताद? सुटले ते पहिल्याच वळणावर एक टायर उडवला, दुसऱ्या वळणावर हॉर्न वाजवला. कुणासाठी, देव जाणे. पण मधल्या नागमोडी वळणांवर गाडी अशी सपाट गेली की मी नकळत बोटं मोजल्यासारखी हवेत धरली. दंड धरून ते खालून तिसरे आले. स्क्रूवाले महागडे शॉकअप लावून आलेला पुण्याचा एक पाहुणा त्यांच्या मागे राहिला, तेव्हा केनयार्डात जो गोंधळ झाला तो पहिल्या नंबरालाही झाला नव्हता. तात्यांनी तर उस्तादांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. उस्तादांच्या वजनाचा अंदाज चुकला, एवढंच.

दिवसभर उस्ताद सगळ्यांशी बोलले. माझ्याशी एक शब्द नाही. मी टायर गोळा केले, दोऱ्या गुंडाळल्या, हात दोनदा धुतले. नरसय्या म्हणाला, माझ्या गाडीतून चल. मी म्हणालो, हो जी. तेवढ्यात पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. डावीकडचं दार उघडं होतं.

मी जाऊन बसलो. कारखान्याचं फाटक मागे गेलं, होटगीकडचा रस्ता लागला. मी मनातल्या मनात खोलीतलं सामान मोजत होतो. एक पिशवी, एक पत्र्याची पेटी, पंखा. पंखा त्यांचाच होता.

मध्येच त्यांनी गाडी बाजूला घेतली.

“उतर.”

मी उतरलो.

“मागं जा. बघ, कशी बसलीय.”

मी मागे गेलो. एक डोळा मिटला. “सपाट आहे जी.”

“आता ये. बस.” मी बसलो. “दार लाव. नीट बस.” मग ते स्वतः उतरले, दाराशी उभे राहून एका हातानं सीट खाली दाबून धरली, तेवढंच आपलं वजन म्हणून, आणि मान वाकडी करून मडगार्डकडे बघितलं. डोकं हलवत परत आत बसले.

“तू बसलास की डावीकडं कलते,” ते म्हणाले. “ज्वारी खाऊन लई वजनदार झालायस. उद्या डावीकडं पन एक पट्टी टाक. तुझ्या मापाची.”

माझ्या तोंडातून निघाली ती काळजीच. “पण मग तुम्ही एकटे बसलात की गाडी उजवीकडे कलेल जी.”

उस्तादांनी गियर टाकला.

“एकटा कोन जाणार हाय बे?”

घरी खालांनी दार उघडलं. कप नाही हे बघितलं, काचेवरचा भला मोठा ‘२’ बघितला आणि फुलदाणी पुन्हा टीव्हीशेजारी ठेवली. भात टाकलेला होता.